तीन हजार सहाशे पन्नास दिवस

"प्लगभाऊ, माझी बँक सोडून अख्खं जग बंद पडलंय!"

फोन कानापासून हातभर लांब धरूनही प्लगभाऊला आवाज स्वच्छ ऐकू आला. नमुने नोंदवून घेण्याच्या खिडकीवर बसणाऱ्या या कारकुनाला सगळे भोंगा म्हणत. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. आपल्याला खरं तर फोनची गरजच नाही, केवळ शिष्टाचार म्हणून उचलतो, असं तो स्वतःच सांगायचा.

"बंद म्हणजे नक्की काय होतंय?"

"लाल पान येतंय हो. 'हे कनेक्शन सुरक्षित नाही.' बातम्या उघडल्या, लाल. हवामान उघडलं, लाल. मुख्यालयाचं पोर्टल, तेही लाल. म्हटलं गेली आपली जमापुंजी! घाईघाईने बँक उघडली, तर ती मात्र ठणठणीत."

"प्लग काढून परत..."

हे वाक्य सवयीनेच तोंडातून निघायचं. टोपणनाव पडलं होतं तेही त्याच्यावरूनच. पण या वेळी ते अर्ध्यात अडकलं. बँक चालू आणि बाकी सगळं बंद. असं व्हायला या इमारतीत एकच कारण असू शकत होतं आणि ते दहा वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं.

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. येत्या रविवारच्या चौकटीत पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. त्याच्याखेरीज कुणाला दिसणार नाही असा. आज तर गुरुवार. तीन दिवस आधीच?

मग त्याने बोटांवर लीप वर्षं मोजली. एक, दोन, तीन.

"प्लगभाऊ? आहात ना?"

"आहे," तो म्हणाला. "ऐक, त्या लाल पानावर खाली 'अधिक माहिती' असं काहीतरी असेल. ते दाबलंस का?"

"छे! माहिती आधीच इतकी आहे की डोकं दुखतंय. अधिक कशाला?"

प्लगभाऊने सुटकेचा निःश्वास सोडला. भोंगा दाबणार नव्हता. साहेब दाबणार नव्हते, कारण त्यांना चष्म्याशिवाय ते दिसत नसे आणि चष्मा ते कपाळावर ठेवत. साऱ्या इमारतीत छापील अक्षर शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचणारं माणूस एकच होतं. आणि नेमकं त्याच माणसाने ते वाचायला नको होतं.

तो जिन्याकडे धावला.

*

शहराच्या जलचाचणी प्रयोगशाळेत चौदा संगणक होते आणि प्लगभाऊ त्या चौदांचा वैद्य होता. त्याची खोली तळघरात. तिथे एक सर्व्हर, एक खुर्ची आणि बिघडलेल्या कीबोर्डांनी भरलेले खोके. दुसऱ्या मजल्यावर जीवाणू विभाग आणि तिथे सीलबाई.

सीलबाईंना हे नाव पडलं ते बाटल्यांवरून. शहरातल्या नळांचं, टाक्यांचं, विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून, तोंडाला सील लावून त्यांच्या टेबलावर येई. सील जरा सैल वाटलं की बाटली परत. एकदा साहेबांनी स्वतःच्या घरच्या नळाची बाटली आणली होती. बाईंनी ती हातातही घेतली नाही. "रबरबँड हे सील नव्हे," एवढंच म्हणाल्या. बाटली फोडायची, तपासायची, उरलेल्या पाण्यावर नवं सील लावून सही करायची, हा त्यांचा अठरा वर्षांचा धर्म. एकदा त्यांचं सील लागलं की पुढे कुणी प्रश्न विचारत नसे, ना मुख्यालय, ना कोर्ट, ना भांडायला आलेले नगरसेवक.

दहा वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. पाहुणे अधिकारी बसलेले असताना साहेबांच्या पडद्यावर टक्कल घालवण्याच्या औषधाची जाहिरात उमटली आणि साहेबांच्या डोक्याकडे न बघण्याच्या प्रयत्नात तीन अधिकाऱ्यांना एकाच वेळी खोकला आला. दुसऱ्या आठवड्यात 'अभिनंदन, तुम्ही आमचे दहा लाखावे पाहुणे' या पाटीवर भोंग्याने आनंदाने टिचकी मारली आणि आत शिरलेल्या विषाणूने तीन महिन्यांच्या चाचण्यांचे निकाल खाऊन टाकले. साहेबांनी हुकूम सोडला, "गाळणी बसवा. जाहिराती नकोत, विषाणू नकोत."

गाळणी बसवणं सोपं नव्हतं. ते प्लगभाऊने चारच्या चहाला सीलबाईंना समजावून सांगितलं होतं, कारण समजून घ्यायची हौस असलेल्या त्या एकट्याच होत्या.

"आजकाल प्रत्येक पान बंद पाकिटातून येतं," तो म्हणाला होता. "वाटेत कुणी वाचू नये म्हणून. गाळणीला पाकिटावरचा पत्ता तेवढा दिसतो. जाहिरातवाल्यांचे पत्ते माहीत असतात, तेवढी पाकिटं बाहेरच्या बाहेर फेकता येतात. पण चांगल्या पत्त्यावरून आलेल्या पाकिटात घाण असली तर?"

"तर उघडल्याशिवाय कळणार नाही."

"तेच तर. आता एक मार्ग असा, की पाकीट ज्याचं त्याने उघडायचं आणि मग त्याच्या ब्राउझरने त्यातल्या जाहिराती फाडून टाकायच्या. त्यात कुणाचं सील मोडत नाही. पण चौदा जणांनी आपापली गाळणी सांभाळायची, त्यात भोंगाही आला."

"तो पहिल्याच दिवशी काढून टाकेल."

"म्हणून सगळ्यांची मिळून एकच गाळणी, माझ्या खोलीत. ती वाटेतच पाकीट फोडणार, तपासणार आणि नवं सील लावून पुढे देणार."

सीलबाईंनी कप खाली ठेवला होता. "म्हणजे तुम्ही लोकांची पाकिटं फोडणार."

"तुम्हीही बाटल्या फोडताच की."

"मी पाण्याच्या फोडते. पाण्याला काही खासगी नसतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "बँकेची पाकिटं फोडायची नाहीत. दवाखान्याची नाहीत. कोर्टाची नाहीत. त्यांची यादी करा, ती बंदच्या बंद पुढे जाऊ देत. आणि दुसरं. नवं सील लावणार म्हणता, ते कुणाचं?"

"म्हणजे?"

"संगणकाला कळायला हवं ना, की हे सील ओळखीच्याचं आहे. चोराचं नाही."

संध्याकाळी गाळणीच्या सीलची संगणकांना ओळख पटवणारं मूळ प्रमाणपत्र तयार करताना समोरच्या फॉर्मने अगदी तोच प्रश्न विचारला. 'जारी करणारी संस्था किंवा व्यक्ती.' त्याखाली रिकामी चौकट. आणि त्याच्याखाली 'मुदत, दिवसांत.' मुदतीच्या चौकटीत त्याने तीन हजार सहाशे पन्नास लिहिलं. दहा वर्षं, झालं. वरच्या चौकटीत त्याने संस्थेचं नाव लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. शेवटी लिहिलं, सीलबाई.

त्या दिवसापासून प्रयोगशाळेत येणारं जगातलं जवळपास प्रत्येक पान सीलबाईंच्या हमीवर येत होतं. बातम्या, हवामान, रसायनांच्या किमती, भोंग्याच्या कुत्र्यांच्या गमतीजमती, सगळं. पडद्यावर पानाच्या पत्त्याशेजारी असतं त्या छोट्या कुलपावर टिचकी मारली असती तर कुणालाही दिसलं असतं. पण उघड्या दाराची कडी कोण तपासतो? दहा वर्षं ती टिचकी कुणी मारली नाही.

आणि प्लगभाऊने ते बदललं नाही. सारी इमारत त्याला प्लगभाऊ म्हणायची. तो पन्नाशीला टेकलेल्या सफाईवाल्या मावशींचाही भाऊ होता आणि विशीतल्या शिकाऊ मुलींचाही. 'संगणकवाले' म्हणून हाक मारणाऱ्या सीलबाई एकट्याच. त्या एका शब्दातून गाळल्या गेलेल्या भावावर त्याने दहा वर्षं आशेचे इमले बांधले होते. वरचा मजला मात्र कधी चढवला नाही. बाईंनी लग्नाविषयी एकदाच, चहा गाळता गाळता, सांगितलं होतं. "केलं होतं एकदा. नमुना नापास." त्यावर काय बोलावं हे त्याला सुचलं नव्हतं आणि मग न बोलण्याचीच सवय झाली.

रविवारी गुपचूप यायचं, जुनं प्रमाणपत्र काढायचं, नवं साध्या नावाने बसवायचं आणि पुरावा नष्ट करायचा, असा त्याचा बेत होता. लीप वर्षांनी तो उधळून लावला.

*

दुसऱ्या मजल्यावर तो पोचला तेव्हा सीलबाई काचेची बशी उजेडाकडे धरून पाहत होत्या. हातात हातमोजे. मागे संगणकावर लाल पान.

"बरं झालं आलात, संगणकवाले. हे बघा."

त्याने आधी लाल पानाकडे पाहिलं. "काय?"

"शून्य." त्यांनी बशी त्याच्या नाकासमोर धरली. "एकही ठिपका नाही. गिरणीमागच्या वस्तीचा तिसरा नमुना. सलग तिसरा शून्य."

गिरणीमागच्या वस्तीचे नळ सहा दिवस बंद होते. गटाराची फुटकी नळी पाण्याच्या नळीला भेटली होती. सहा दिवस माणसं टँकरपुढे रांगा लावत होती. तीन नमुने स्वच्छ निघाल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही, असा नियम. आणि तिसऱ्याचा अहवाल बारापर्यंत पोर्टलवर चढला तरच आजचं पाणी, नाहीतर उद्यावर.

घड्याळात अकरा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

"आता हे लाल तेवढं काढा," बाई म्हणाल्या.

प्लगभाऊ सरकत सरकत त्या आणि मॉनिटर यांच्या मधे येऊन उभा राहिला. "तुम्ही यावर काही दाबलंत का?"

"हातमोजे घालून कशी दाबणार? आणि असे आडवे का उभे राहिलात?"

"उजेड. डोळ्यांना त्रास होईल. लाल रंग वाईट." तो हात मागे नेऊन मॉनिटरचं बटण चाचपडू लागला. "हा जरा बंद ठेवू या. तापलाय."

"अर्ध्या तासापूर्वी तर चालू केलाय."

"मग मी मोबाइलवरून पाठवू का अहवाल?"

"अहवाल याच यंत्रावरून जातो. नियम आहे."

"एवढ्या वेळेपुरता..."

"नियम मीच लिहिलाय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. उपाय प्लगभाऊला माहीत होता आणि तो सोपा होता. खाली जायचं, 'न उघडायच्या' यादीत पोर्टलचा पत्ता वाढवायचा. गाळणी त्या पाकिटाला हात लावणार नाही, मुख्यालयाचं मूळ सील तसंच इथवर येईल, लाल पान जाईल. पोर्टल आजवर यादीबाहेर होतं, कारण एकदा तिथल्याच फाइलीतून विषाणू आला होता. दोन मिनिटांचं काम. पण ते फक्त तळघरातून होत होतं आणि तळघरात जायचं म्हणजे बाईंना त्या पानासोबत एकटं सोडायचं. त्या हातमोजे काढणार. त्या वाचणार. त्या सगळं वाचतात.

आधी दुसरं काही निमित्त काढून त्यांना साहेबांकडे पिटाळता आलं असतं. साहेब कुणालाही पाऊण तास बसवून ठेवत. मग पाणी उद्या.

"किती वेळ लागेल?" बाईंनी विचारलं. त्यांनी बशी अजून धरलेली होती. एखाद्या बाळाची आंघोळ झाल्यावर धरावं तशी.

"दोन मिनिटं," तो म्हणाला आणि मॉनिटरसमोरून बाजूला झाला. "मी खाली जातो. पान ताजं करत राहा."

*

यादीत एक ओळ वाढवायला दोन मिनिटं लागायची, पण पत्ता दोनदा चुकला आणि चार लागली. मग फोन वाजला.

"उघडलं," सीलबाई म्हणाल्या. नंतर बराच वेळ नुसती कीबोर्डची टकटक. तो फोन धरून उभा. "गेला. पोचपावती आली. अकरा एकेचाळीस. व्हॉल्व्हवाला वस्तीतच थांबलाय, त्याला कळवलंय."

"छान! फारच छान झालं!"

"हो. आता वर या."

"काही राहिलंय का?"

"तुम्ही खाली गेल्यावर मी हातमोजे काढले," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

या वेळी जिना चढायला त्याला घाई नव्हती. वर पोचला तेव्हा त्या टेबलामागे बसल्या होत्या. समोर एक कागद, त्यावर त्यांच्या सुबक अक्षरात दोन ओळी. नमुन्याचा निकाल वाचावा तशा त्यांनी त्या वाचल्या.

"जारी करणारी, सीलबाई. मुदत, काल मध्यरात्री समाप्त." त्यांनी वर पाहिलं. "माझी मुदत संपली म्हणे."

प्लगभाऊ कागद उचलायला गेला, बाईंनी तो स्वतःकडे ओढला.

"हे मागून मला म्हणतात ते नाव ना?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"भोंगा तीन भिंतींपलीकडून कुजबुजतो. सगळं माहीत असतं." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "सील लावणाऱ्याने आत काय आहे ते पाहिलेलं असावं लागतं. मी एक पाकीट पाहिलं नाही. आणि दहा वर्षं प्रत्येकावर माझं नाव. उद्या त्यातल्या एखाद्यातून कुणाचं नुकसान झालं असतं तर?"

"चुकलं," तो म्हणाला. "तुम्हाला विचारायला हवं होतं."

"विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"बरोबर. मग लिहिलंत कशाला?"

प्लगभाऊने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काही नव्हतं, एक भिंत आणि तिच्यावर बसलेलं कबूतर. त्याने कबुतराला सांगावं तसं सांगितलं, "फॉर्मने तेच विचारलं जे तुम्ही चहाला विचारलं होतं. सील कुणाचं. संस्थेचं नाव लिहिलं मी, दोनदा. पण इथे संस्थेच्या शिक्क्याकडे कोण बघतं? सगळे तुमची सही बघतात. मला दुसरं नाव सुचेना."

"ते पहिल्या दिवशी. नंतर बदलायला नाही सुचलं?"

"सुचलं. बदलावंसं वाटलं नाही." कबूतर उडून गेलं, मग त्याला बाईंकडे बघावंच लागलं. "रोज सकाळी गाळणी चालू झाली की पडद्यावर पहिल्यांदा ते नाव येतं. ते आलं की मला बरं वाटतं. म्हणजे... गाळणीसाठी नाही. मला."

कोपऱ्यात जीवाणू वाढवायचं उबवणीयंत्र घुमत होतं. सीलबाईंनी पेन्सिल उचलली.

"मुदत किती दिवसांची घातली होती?"

"तीन हजार सहाशे पन्नास."

"तीनशे पासष्ट गुणिले दहा." पेन्सिल कागदावर चालली आणि थबकली. "लीप वर्षं धरली नाहीत तुम्ही."

"नाही."

"दहा वर्षांत दोन येतात, नाहीतर तीन."

"तीन आली."

"म्हणजे तुमच्या हिशेबाने ही कधी संपणार होती? रविवारी?" त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटायला लागली. "आणि रविवारी तुम्ही गुपचूप येऊन..."

"हो."

"आणि कुणाला काही..."

"हो."

"आणि फेब्रुवारीने..."

पुढचं त्यांना बोलता आलं नाही. सीलबाई हसल्या. नुसत्या हसल्या नाहीत, चष्मा काढून टेबलावर ठेवावा लागला, डोळे पुसावे लागले, पुसून झाल्यावर त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू झाल्या. प्लगभाऊला आधी भीती वाटली, मग आपणही हसतोय हे लक्षात आलं. तेवढ्यात दार उघडायच्या आधीच भोंग्याचा आवाज आत आला.

"बाई! पाणी आलं! वस्तीतून फोन आहे. पोरं कपड्यांसकट नळाखाली बसलीत, मोठी माणसंही बसलीत! तुम्हाला निरोप आहे की..." तो दारातच थांबला. सीलबाईंना हसताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच खालच्या आवाजात म्हणाला, "नंतर येतो."

"थांबा, निरोप काय आहे?"

"देव तुमचं भलं करो, असं एक आजी म्हणाल्या. आणि प्लगभाऊ, माझं लाल पान?"

"येतो. प्रत्येक यंत्रावर जाऊन नवं प्रमाणपत्र हाताने बसवावं लागेल. दोन दिवस लागतील."

भोंगा गेल्यावर बाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि त्या पुन्हा विभागप्रमुख झाल्या. "लिहून घ्या. नव्या सीलवर प्रयोगशाळेचं नाव. माझं नाव मला परत."

"हो."

"मुदत दोन वर्षं. सील फार दिवस तसंच ठेवलं की आपण त्याच्याकडे बघणं सोडतो."

"हो."

"प्रत्येक संगणकाशेजारी एक कागद. या यंत्रावरची पाकिटं तपासणीसाठी उघडली जातात. कुठली उघडली जात नाहीत, त्याची यादी. खाली तुमची सही. ज्याचं पाकीट फुटतं त्याला ते माहीत पाहिजे."

"लावतो." तो उठला. दारापर्यंत गेला. परत वळला. "आणि मी ते... दुसरं जे म्हणालो, त्याचं?"

सीलबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, अकरा अठ्ठावन्न झाले होते, मग उबवणीयंत्राकडे. "नमुना आत ठेवला की चोवीस तास थांबावं लागतं. आधी उघडून पाहिलं तर सगळंच शून्य दिसतं, खरं-खोटं कळत नाही. उद्या याच वेळेला सांगते."

*

संध्याकाळी घरी त्याने भाजीत दोनदा मीठ घातलं. आईने एक घास खाल्ला आणि ताट बाजूला सारलं.

"कोण आहे ती?"

"कोण कोण?"

"तुझ्या मिठाने माझ्या तोंडाची चव गेली असली तरी डोकं शाबूत आहे. विचारलंस का तिला?"

"विचारलं असं नाही. दहा वर्षांपूर्वी एका फॉर्ममध्ये लिहिलं होतं. ते आज तिने वाचलं."

आईने कपाळाला हात लावला. "लोक पत्रात लिहितात, चिठ्ठीत लिहितात, माझा पोरगा फॉर्ममध्ये लिहितो! आणि दहा वर्षं पोचायला? कासवाच्या पाठीवर बांधून पाठवला होतास?"

"आई, तिने उद्या सांगते म्हटलंय."

"उद्या सांगते म्हणजे नाही म्हणाली नाही." आईने ताट परत पुढे ओढलं. खारट भाजी ती अगदी शेवटच्या फोडीपर्यंत खात राहिली आणि मधेमधे स्वतःशीच हसत होती. "फॉर्ममध्ये म्हणे," असं झोपताना तिच्या खोलीतून पुन्हा एकदा ऐकू आलं.

*

शुक्रवारी सकाळपासून तो यंत्रामागून यंत्र घेत सुटला. प्रत्येक ठिकाणी नवं प्रमाणपत्र बसवायचं, शेजारी कागद चिकटवायचा. साहेबांनी चष्मा कपाळावरून खाली आणून कागद पूर्ण वाचला आणि जरा घाबरून विचारलं, "म्हणजे माझं सगळं तुम्हाला दिसतं?"

"बँक आणि दवाखाना नाही, साहेब."

"आणि... केसांविषयी काही वाचलं तर?"

"ते पाकीट गाळणी उघडते. मी नाही."

"मग असू दे," साहेब म्हणाले आणि चष्मा परत वर गेला. भोंग्याने आपल्या शेजारचा कागद खिडकीतून रांगेतल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. अकरा वाजेपर्यंत आठ यंत्रं झाली. साडेअकराला त्याला काम सुचेना. तो तळघरात जाऊन सर्व्हरसमोर बसला. पडद्यावर आता प्रयोगशाळेचं नाव होतं. बरोबर होतं, नीट होतं आणि त्याकडे बघून काहीही वाटत नव्हतं.

अकरा एकोणसाठला जिन्यावर पावलं वाजली. दहा वर्षांत सीलबाई एकदाही तळघरात आल्या नव्हत्या. दारात उभं राहून त्यांनी आधी छत पाहिलं, मग भिंती, मग तारांचं जंगल. हातात डबा होता.

"चोवीस तास झाले," प्लगभाऊ म्हणाला.

"एक मिनिट वरच झालं. भोंग्याने जिन्यात अडवलं होतं." त्या आत आल्या. "इथे खिडकी नाही?"

"नाही."

"दहा वर्षं इथे एकटा बसून जेवतोस?"

"हो. म्हणजे सर्व्हर असतो."

सीलबाईंनी सर्व्हरकडे पाहिलं, जसा काही तो जेवताना फार बडबड करत असेल. "आजचा दिवस इथे. उद्यापासून जेवायला वर यायचं. माझ्या टेबलाची डावी बाजू मोकळी करून ठेवली आहे. तिकडे नमुने ठेवत नाही मी, आज सकाळीच पुसलंय."

त्याला उभं राहायचं होतं, बसायचं होतं, काहीतरी बोलायचं होतं. यातलं काहीच जमलं नाही. "म्हणजे निकाल..."

"रविवारी तुझ्या आईला भेटायला येते. सकाळी दहाला. तुला तसंही रविवारी काही काम उरलेलं नाही." ओठांचा एक कोपरा हलला, पण त्यांनी तो लगेच जागेवर आणला. "त्यांना तिखट चालतं का, ते विचारून ठेव."

"चालतं," तो म्हणाला. "मीठ सोडून सगळं चालतं."

"मीठ का नाही?"

"कालपासून."

याचा अर्थ त्यांना कळला नाही, पण त्यांनी विचारलंही नाही. खोलीत खुर्ची एकच होती. ती त्याने रुमालाने झटकली, पुन्हा झटकली आणि त्यांच्यासमोर ठेवली. स्वतः कीबोर्डच्या खोक्यावर बसला. बाईंनी डबा उघडून दोघांच्या मधे ठेवला आणि झाकणात त्याला वाढलं. सर्व्हरचे पंखे घुमत राहिले. पहिल्या घासालाच खोक्याचा एक कोपरा करकरला, मग दुसरा, आणि पुठ्ठा हळूहळू दबत गेला. प्लगभाऊ एका बाजूला कलला, तसाच जेवत राहिला. सीलबाईंनी ते पाहिलं. त्यांनी डबा त्याच्या कललेल्या बाजूला थोडा सरकवला.